सहा माग थांबले तेव्हा

एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता साखर पेठेत दोनच प्रकारची माणसं रस्त्यावर दिसतात : नाइलाज असलेली आणि बाहेरगावची. वैजयंती नागणे दोन्हींत बसत होती. ती मंगळवेढ्याची. नाइलाज असा, की रिक्षावाल्याने ती, तिची बॅग आणि मैंदर्गीच्या भजनी मंडळाने दान केलेली हार्मोनियमची पेटी असा सगळा ऐवज गल्लीच्या मधोमध उतरवला होता आणि सुट्ट्याचं निमित्त सांगून तो जो गेला तो गेलाच होता.

समोर पत्र्याची शेड, आत सहा यंत्रमागांचा खडखडाट. वरच्या मजल्यावर तिचं नवं ऑफिस. शेडीच्या तोंडाशी एक छोटं दुकान, त्यावर पाटी : 'गड्डम. पेटी दुरुस्ती.' ऑफिसची किल्ली या गड्डमांकडे मिळेल असं तिला पुण्याच्या मुख्य ऑफिसातून सांगितलं होतं. दुकान उघडं होतं, पंखा फिरत होता, आत आठ पेट्या पोट उघडून पडल्या होत्या. माणूस मात्र नव्हता.

तिने दोनदा "कुणी आहे का?" असं विचारलं. वैजयंतीचा आवाज मुळातच असा, की शाळेत तिची हजेरी शेजारणीला द्यावी लागे. मागांच्या आवाजात तो तिचा तिलाही ऐकू आला नाही. त्याच भरवशावर रस्त्याकडे वळून ती पुटपुटली, "दुकान उघडं टाकून माणूस कुठं मेलाय, देव जाणे."

"मेला नाही. चहा पितोय."

उत्तर रस्त्याच्या पलीकडून आलं होतं. चाळीस पावलांवर हॉटेलच्या बाकड्यावर एक तरुण बशी हातात धरून बसला होता. कुरळे केस, शर्टाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. तो रस्ता ओलांडून आला. वैजयंतीचा चेहरा उन्हाने लाल झाला होताच, त्यामुळे बाकीची लाली खपून गेली.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"या आवाजात काय ऐकू येतंय, मॅडम? दिसलं." त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

त्याचं असं होतं : माग चालू असताना कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. गड्डमांच्या तीन पिढ्यांनी असेच संसार केले, भांडणंही अशीच केली. या विद्येचा एकच तोटा होता. मागांपासून दूर आल्यावर या लोकांना आपल्या आवाजाचा अंदाज राहत नसे. मार्कंडेय गड्डम साधं "या, बसा" म्हणाला, तरी गल्लीतली दोन-तीन माणसं येऊन बसत.

त्याने किल्ली दिली, मैंदर्गीची पेटी एका हाताने उचलली आणि जिना चढता चढता विचारलं, की संगीताच्या संस्थेने मागांच्या डोक्यावर जागा का घेतली. वैजयंतीने खरं ते सांगितलं. जागा पुण्याच्या ऑफिसने फोटो बघून ठरवली होती, आणि फोटोत आवाज येत नाही.

संस्थेचं नाव स्वरछाया. युद्धात घरं गेलेल्या मुलांना संगीताच्या आधाराने पुन्हा माणसांत आणायचं, हे तिचं काम. काम खरोखर चांगलं होतं. त्याबद्दल छापलेलं माहितीपत्रक वाचूनही ते चांगलं वाटत राहायचं, यावरून ते किती चांगलं असेल याची कल्पना यावी. सोलापूर केंद्राने गावोगावच्या भजनी मंडळांकडून जुन्या पेट्या मिळवायच्या, दुरुस्त करून जॉर्डनमधल्या एका निर्वासित छावणीत पाठवायच्या, आणि मग दर गुरुवारी लॅपटॉपवरून तिथल्या मुलांचा वर्ग घ्यायचा, असं ठरलं होतं. पेटीच का, तर तिला वीज लागत नाही, आणि चार वर्षांच्या पोरानेही पट्टी दाबली तर ती नाराज न होता बोलते.

जूनपर्यंत बारा पेट्या हव्या होत्या. मैंदर्गीची एक आली, माढ्याहून चार, मंगळवेढ्याहून सात. प्रत्येक पेटीवर दात्याचं नाव रंगवलेलं होतं, आणि ते नाव पुसायचं नाही, ही दानाची अट होती. त्यामुळे जॉर्डनमधल्या मुलांना संगीताआधी माढा तालुक्यातल्या बऱ्याच कैलासवासी मंडळींचा परिचय होणार होता.

दुरुस्ती अर्थातच खालच्या दुकानात चालली. वैजयंती दिवसातून दोनदा पाहणीला खाली उतरायची, नंतर चारदा. पाहण्यासारखं फारसं काही नसायचं, म्हणजे पेटीत. तो मान खाली घालून भात्याला कातडं चिकटवत असायचा आणि ती स्टुलावर बसून अहवाल लिहीत असायची. तिला लिहिताना पुटपुटायची सवय होती. दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं, की पुण्याच्या साहेबांविषयी ती जे पुटपुटते, त्यावर हा गालात हसतो. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल भिंतीकडे फिरवलं.

"पाठ करून बोलू नका, मॅडम," तो म्हणाला. "साहेबांचं अर्धंच कळलं. पुढं काय झालं?"

"तुम्ही दुसऱ्यांचं बोलणं वाचता, हे बरं नाही."

"माझी काय चूक? तुमचे ओठ अक्षर फार चांगलं काढतात."

वैजयंती वर गेली आणि खिडकीला पाठ करून बराच वेळ काहीबाही पुटपुटली, पण ते काय होतं हे कुणालाच कळलं नाही.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला. एका दुपारी ती जेवून आली, तर ऑफिसच्या खिडकीत खालच्याच मागावरचा एक मोठा टॉवेल भिजवून टांगलेला. खोलीत ओल्या सुताचा थंड वास. तिने खाली वाकून पाहिलं. मार्कंडेय पेटीत डोकं घालून बसला होता, फारच मन लावून. दुसऱ्या दिवशी टॉवेल पुन्हा ओला. पाऊस येईपर्यंत तो एक दिवसही वाळला नाही, आणि दोघांपैकी कुणी त्याविषयी एक शब्द काढला नाही.

पेट्या तयार झाल्या तशी तो एकेक वाजवून दाखवू लागला. भात्याला कडक स्प्रिंग, आतल्या सुरांच्या दोन्ही रांगा मोकळ्या. पट्टी दाबली, की आवाज असा सुटायचा की पत्र्यावरची कबुतरं उठत. "खणखणीत," तो अभिमानाने म्हणायचा, आणि वैजयंतीही अहवालात लिहायची : 'बुलंद आवाज. उत्तम.' जूनमध्ये बारा पेट्या खोक्यांत बसल्या, खोक्यांवर नारळ फुटला आणि त्या गेल्या. त्या पोहोचेपर्यंत गुरुवारचा वर्ग नुसत्या गळ्यावर सुरू झाला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात छावणीतल्या संगीतशिक्षिकेचं पत्र आलं. हनान तिचं नाव. पत्र फार सभ्य होतं. पेट्या सुंदर आहेत, त्यावरची चित्रलिपी मुलांना आवडली, असं लिहून तिने पुढे कळवलं होतं, की पेटी वाजली की मुलं कान झाकतात. दोघं टेबलाखाली गेली. एक मुलगी दारापाशी जाऊन उभी राहिली, आणि आता रोज तिथेच उभी राहते. म्हणून सगळ्या पेट्या तिने कपाटात ठेवल्या आहेत, आणि वर्ग नुसता टाळ्यांवर आणि गळ्यावर चालू आहे.

पत्राची प्रत पुण्याला गेली होती. पुण्याहून आदेश यायला एरवी महिना लागे, हा एका दिवसात आला. सोलापूर केंद्र एकतीस ऑगस्टला बंद, येत्या गुरुवारनंतर वर्ग बंद, वैजयंती नागणे यांनी एक सप्टेंबरला पुण्यात रुजू व्हावं.

तिने दोन्ही कागद मार्कंडेयासमोर ठेवले. त्याने वाचले, हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला.

"आमच्या भजनी मंडळात सगळे माझ्या नायनांसारखे," तो म्हणाला. नायना म्हणजे त्याचे वडील, नरसय्या. "तीस-तीस वर्षं मागावर काढलेले. त्यांना ऐकू जावं म्हणून मी पेटी अशी लावतो. मला वाटलं, जगात सगळ्यांनाच कमी ऐकू येतं."

"त्या मुलांना जास्त ऐकू येतं," वैजयंती म्हणाली. "आणि 'उत्तम' मी लिहिलं होतं. तुम्ही नाही."

"मी येऊ का गुरुवारी? वर्गाला?"

"शेवटचाच आहे."

"म्हणून तर."

गुरुवारी दुपारी चार वाजता वरच्या खोलीत तिघं बसले. तिसरीचं नाव राहत, शेजारच्या पेठेत अरबी शिकवणारी, वर्गाची दुभाषी. ती घरी दखनी बोलायची, वर्गात अरबी आणि रागावली की मराठी. लॅपटॉपवर हनान आणि बारा मुलं. सगळ्यात मागे, दाराला टेकून, नऊ वर्षांची रीम. घर पडलं त्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षं, ती बोललेली नव्हती. वैजयंतीच्या हजेरीपटात तिच्यापुढे आठही गुरुवारी एकच शेरा होता : 'उपस्थित. सहभाग नाही.'

मुलं सरगम म्हणू लागली. खालून मागांचा धडधडाट येत होता, त्यामुळे इकडे ऐकू कमी आणि दिसत जास्त होतं. मार्कंडेय पुढे वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"ती मागची गातेय की," तो म्हणाला.

वैजयंतीने सांगितलं, की ती रीम, ती गात नाही.

"आवाज नाही. पण गातेय. 'म' आणि 'प'ला ओठ मिटावेच लागतात ना? तिचे बघा. सगळ्यांच्या जरा आधी मिटतात. एकदाही चुकली नाही. पुढचा तो जाडा पोरगा दर वेळी चुकतो."

राहतने जाड्या पोराला वगळून बाकीचं भाषांतर केलं. हनान वळून रीमकडे बघत राहिली. मग तिने लॅपटॉप उचलला आणि दारापाशी नेला. रीमचा चेहरा पडदाभर झाला. चोरी पकडली गेल्यासारखा.

मार्कंडेयाने आवाज न करता ओठ मिटले. म. रीमने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग तिचेही ओठ मिटले. म. त्याने केला प, तिने केला प. वैजयंतीला वाटलं, सोलापुरात आजवर झालेलं हे सगळ्यात लांबचं संभाषण असावं.

"त्यांना म्हणा, कपाटातली एक पेटी काढा," तो राहतला म्हणाला.

पुढची वीस मिनिटं शिकवणी उलटी चालली. हनानने झाकण उघडलं, मार्कंडेय इथून बोट दाखवत गेला. पुढच्या खुंट्यांपैकी एक सोडून बाकीच्या आत ढकला, म्हणजे सुरांची एकच रांग बोलेल. भात्यातली ती स्प्रिंग काढा. टॉवेल आहे का? दोन घड्या करून आत सुरांवर अंथरा. आता भाता ढकलायचा नाही, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण सारतात तसा सारायचा. हे वाक्य अरबीत नेताना राहत एकदा थांबली आणि मार्कंडेयाकडे नव्याने पाहून मग पुढे गेली.

हनानने पट्टी दाबली. आवाज आला तो शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसा. कुणी कान झाकले नाहीत. जाडा मुलगा जवळ सरकला. रीम दारापासून निघाली, दोन पावलांवर थांबली, मग येऊन पेटीच्या बाजूला, लाकडाला कान लावून बसली. हनानने म धरून ठेवला. रीमचे ओठ मिटले, आणि या वेळी तिचा गळाही हलला.

"कुछ तो आरा," राहत कुजबुजली. "नीचे ये खडखड... कुछ सुनने नै देरी."

मार्कंडेय उठून खिडकीशी गेला. खाली अंगणात नरसय्या सुताच्या गाठी मोजत होते. त्याने वरून हाताची मूठ तळव्यावर टेकवली. माग थांबवा.

गड्डमांचे माग सणाला थांबतात, वीज गेली की थांबतात. भर पाळीत हाताने थांबवायचे ते फक्त घरात कुणी गेलं तर. नरसय्या एक क्षण वर बघत राहिले, मग आत गेले. एक माग थांबला, दुसरा थांबला. सहावा थांबला तेव्हा गल्लीत अशी शांतता पसरली की हॉटेलवाल्याने स्टोव्ह बारीक केला. माणसं दारांतून बाहेर आली. नरसय्या धापा टाकत जिना चढले, त्यांच्यामागे शेजारी, टोप्या काढून. कोण गेलं, असं त्यांनी तेलुगूत विचारलं.

वैजयंतीने ओठांवर बोट ठेवून लॅपटॉप दाखवला.

त्यातून एक आवाज येत होता. बारीक, धूळ बसलेला, किंचित उतरलेला. पण म. दम संपला, थांबला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याला जोडून प आला, आणि हनानने चेहरा पेटीमागे लपवला. जिन्यावरची माणसं पायरीपायरीवर उभी होती. ज्यांना ऐकू येत होतं, ती ज्यांना येत नव्हतं त्यांना बोटांनी सांगत होती.

वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मार्कंडेय तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला तिच्या कानात, फक्त तिच्यापुरतं, एक वाक्य बोलायचं होतं. आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात कानात बोलणं म्हणजे सहा माग चालू असताना कानात बोलणं.

"वैजयंती, पुण्याला जाऊ नका. संस्थेसाठी नाही सांगत. माझ्यासाठी सांगतोय."

हे जिन्याने ऐकलं, गल्लीने ऐकलं, हॉटेलवाल्याने ऐकलं. नरसय्यांनीही ऐकलं, ज्यांना गेली दहा वर्षं दारावरची बेल ऐकू आलेली नव्हती. मार्कंडेयाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने खाली पाहिलं. खाली लपण्यासारखं काही नव्हतं.

पडद्यावरून हनानने काहीतरी विचारलं. राहतने कुणाचीही परवानगी न घेता भाषांतर केलं. एक क्षण गेला, आणि छावणीतल्या बारा जागांवरून हसू फुटलं. रीमही हसली की नाही, याबाबत राहत आणि वैजयंतीचं आजतागायत एकमत नाही.

"मी जाणारच नव्हते," वैजयंती म्हणाली. बोलली ती नेहमीसारखीच, पण आज ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "सकाळीच कळवलंय त्यांना. केंद्र बंद करायचं तर करा, गुरुवारचा वर्ग मी इथूनच घेणार. लॅपटॉप माझा आहे."

"सकाळी?" तो म्हणाला. "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"आत्ता विचारलं."

"आत्ता सांगितलं."

"ये बी तर्जुमा करूं क्या," राहत म्हणाली, आणि तोवर तेही भाषांतर करून मोकळी झाली होती.

नरसय्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि शेजाऱ्यांना खाली घेऊन गेले. जाताना टोप्या पुन्हा डोक्यावर गेल्या. माग मात्र त्यांनी लगेच चालू केले नाहीत. वर्ग संपेपर्यंत साखर पेठेच्या त्या टोकाला जॉर्डनमधली मुलं सरगम म्हणत होती, आणि जाडा मुलगा 'प'ला चुकत होता.

पुढच्या आठवड्यात पुण्याला हनानचं दुसरं पत्र पोहोचलं, दोन पानी. ते वाचून पुण्याने सोलापूर केंद्र 'पुढील आदेशापर्यंत' चालू ठेवलं. आपल्याकडे याहून कायमचं काही नसतं. उरलेल्या अकरा पेट्या हनानने स्वतः उघडून मऊ केल्या.

पण हे पुढचं. त्या गुरुवारी संध्याकाळी वैजयंतीने मंगळवेढ्याला फोन लावला. घरी अजून कुणाला काही माहीत नव्हतं, आणि नागण्यांच्या घरात आजवर ज्वारी सोडून कुणी स्वतः काही निवडलेलं नव्हतं. आईने आधी जेवलीस का ते विचारलं. मग वैजयंतीने एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे म्हशीचं हंबरणं ऐकू आलं.

"घरी तेलुगू बोलत्यात व्हय ती?" आईने विचारलं.

"घरी तेलुगू. माझ्याशी मराठी."

"भाकरी खातो का?"

"खातो."

"करतो काय?"

"भजनाच्या पेट्या दुरुस्त करतो. आणि आई, माणूस लई चांगला हाय. फक्त..." वैजयंती अडखळली. लपवण्यात अर्थ नव्हता. "फक्त बोलतो फार मोठ्यांदा. हळू बोलायला जातो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं."

पलीकडे आईने म्हशीला एकदा दटावलं.

"मग बरं हाय की," आई म्हणाली. "तुझ्या बापाला त्याबिगर ऐकू येतंय कुटं? रविवारी घिऊन ये त्याला."